नहपानाचं नाक आणि भोकाचा पैसा

आमचा नातू (मुलीचा मुलगा) जपानात वाढतो आहे, नागोया शहरात. 2019 साली आम्ही दोघं म्हातारा-म्हातारी तिकडे दीड महिना राहून आलो, तेव्हा तो दहा वर्षांचा होता. तेव्हाचा एक दिवस अजून आठवतो. त्याला खेळण्यातल्या आगगाड्या जमवायचा नाद. तिकडे ओसू नावाची जुनी पेठ आहे, सगळे रस्ते वरून छप्पर घातलेले. पाऊस असो की ऊन, माणसं आपली हिंडताहेत. त्या पेठेतल्या एका दुकानात आमचे चिरंजीव पाऊण तास एका बोटभर डब्यासमोर उभे. मी पाय दुखतात म्हणून कुरकुरलो, तर मला हाताला धरून शेजारच्या देवळात घेऊन गेला. ओसू कान्नोन हे ते देऊळ. दर महिन्याच्या 18 आणि 28 तारखेला तिथल्या अंगणात जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. ती तारीख त्यानं आधीच बघून ठेवली होती! "आजोबा, मी माझं दुकान पाहिलं. आता तुमचं."

तिथे मी शंभर येनला एक तांब्याचं नाणं घेतलं. मधे चौकोनी भोक, चारी बाजूंना चार चिनी अक्षरं. 'कान्एई त्सूहो' म्हणतात त्याला. 1636 पासून ही नाणी मोठ्या प्रमाणावर पाडली जाऊ लागली आणि दोनशेहून अधिक वर्षं तीच चालली. 1636, म्हणजे आपले शिवराय सहा वर्षांचे होते. हे मी त्याला सांगितलं तर त्यानं विचारलं, "मग ते मोठे झाल्यावर त्यांनी पण नाणी केली?" म्हटलं, केली की. नाशिकला ये, दाखवतो. नंतर किल्ला बघायला गेलो तर मुख्य इमारत आतून बंद होती, तिच्या छपरावरचे सोन्याचे मासे तेवढे बाहेरून पाहिले आणि घरी आलो.

मुलं असलं बोलणं विसरत नाहीत. गेल्या डिसेंबरात तो आला तो सोळा वर्षांचा, माझ्यापेक्षा वीतभर उंच. आल्याच्या तिसऱ्या दिवशी म्हणाला, "आजोबा, मी माझ्या शहरात तुम्हाला हिंडवलं होतं. आता तुमची पाळी."

त्या दिवसाची ही हकीकत. लिहायला जरा उशीर झाला, त्याचं कारण शेवटी येईलच.

सकाळी साडेसहाला रिक्षा केली आणि थेट पांडवलेणी गाठली. थंडी मी म्हणत होती. दोनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. मी चार ठिकाणी बसलो, तो एकदाही नाही. पांडवांचा या लेण्यांशी काही संबंध नाही, हे मी चाळीस वर्षं मुलांना सांगत आलो आणि चाळीस वर्षं सहलीच्या बसमध्ये कोणी ना कोणी विचारत आलं, की सर, भीमाची खोली कुठली? डोंगराचं जुनं नाव त्रिरश्मी. चोवीस लेणी आहेत, बौद्ध भिक्षूंसाठी खोदलेली. बहुतेक लोक मूर्ती बघतात, फोटो काढतात आणि उतरतात. खरी श्रीमंती व्हरांड्यांच्या भिंतींवर आहे, त्या ब्राह्मी अक्षरांत. पण ती वाचायला कोणी थांबत नाही. वाचता येत नाहीत हे खरं, पण वाचून ठेवलेलं आहे की सगळं!

मी त्याला आधी दहा नंबरच्या लेण्यात नेलं. हे नहपानाच्या जावयाचं लेणं. नहपान हा क्षहरात घराण्यातला शक क्षत्रप. त्याची मुलगी दक्षमित्रा, आणि तिचा नवरा उषवदात, म्हणजे ऋषभदत्त. घराणं बाहेरून आलेलं, पण जावईबापूंचं नाव बघा, अस्सल इथलं. त्याने या लेण्यात आपल्या दानधर्माचा हिशोब कोरून ठेवला आहे. हिशोब म्हणजे अगदी वाण्याच्या वहीसारखा. 3,000 कार्षापणं त्याने गोवर्धनच्या कोष्ट्यांच्या श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवली. (गोवर्धन म्हणजे आपलं गंगापूर रोडच्या पुढचं गोवर्धन. तेव्हा ते मोठं ठाणं होतं आणि नाशिक त्याच्या शेजारी.) 2,000 एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. 1,000 दुसऱ्या श्रेणीकडे, दरमहा शेकडा पाऊण. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. त्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना दरसाल प्रत्येकी बारा कार्षापणं कपड्यांसाठी द्यायची.

मी जुन्या सवयीने म्हटलं, सोडव गणित. त्याने आकाशाकडे बघून सोडवलं. दोन हजारावर शेकडा एक म्हणजे महिन्याला वीस, वर्षाला दोनशेचाळीस. वीस माणसं गुणिले बारा, दोनशेचाळीस. "आजोबा, बरोब्बर जमतं!" मी वर्गात हे गणित किती वेळा घातलं असेल, पण प्रत्यक्ष त्या भिंतीखाली उभं राहून कोणी सोडवलेलं पहिल्यांदाच पाहिलं. एकोणीसशे वर्षांहून जुना हिशोब आणि एका कार्षापणाची चूक नाही. आणखी एक दान आहे 70,000 कार्षापणांचं, त्यात भावसुद्धा दिला आहे: 35 चांदीच्या कार्षापणांना एक सुवर्ण, म्हणजे एकूण 2,000 सुवर्ण. हा सगळा व्यवहार निगमसभेत ऐकवून, नोंदवून मग कोरला. आजच्या मुदतठेवीच्या पावतीपेक्षा जास्त टिकला.

याच लेण्यात मागच्या भिंतीवर मुळात स्तूप कोरलेला होता, पुढे कधीतरी कोणी त्यालाच तासून भैरव केला. नीट पाहिलं तर जुना स्तूप कुठे होता ते ध्यानात येतं. नातवाला मी मुद्दाम तिथे उभं केलं आणि म्हटलं, हे लक्षात ठेव, दुपारी लागेल.

मग तीन नंबर. हे गौतमीपुत्र सातकर्णीच्या घराण्याचं लेणं. बाहेर सहा बुटके गण आपल्या खांद्यावर सगळा भार घेऊन जमिनीतून वर आलेले दिसतात. आतल्या व्हरांड्यात राजाची दोन पत्रं आहेत. पहिलं त्याच्या अठराव्या वर्षाचं, विजयी सैन्याच्या छावणीतून गोवर्धनच्या विष्णुपालित नावाच्या अमात्याला लिहिलेलं. मजकूर असा: आजवर उषवदाताच्या ताब्यात असलेलं 200 निवर्तनांचं शेत इथल्या भिक्षूंना दिलं आहे. म्हणजे लढाई जिंकल्याबरोबर पहिली कागदपत्रं जमिनीची! आणि गंमत पुढे आहे. सहा वर्षांनी चोविसाव्या वर्षी दुसरं पत्र. आधी दिलेलं शेत कसलं जात नाही, ते गाव ओस आहे, म्हणून त्याऐवजी 100 निवर्तनांचं दुसरं शेत द्या. हे पत्र राजाच्या नावाबरोबर राजमातेच्याही नावाने आहे. सरकारी जमीन कागदावर मिळते आणि जागेवर गेलं की पडीक निघते, हा अनुभव काही आजचा नाही तर.

तिसरा मोठा लेख राजाच्या आईचा, गौतमी बलश्रीचा. तो तिच्या नातवाच्या, वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या, एकोणिसाव्या वर्षातला. म्हणजे मुलगा गेलेला, नातू गादीवर, आणि म्हातारी आजी लेकाचे पराक्रम सांगते आहे. शक, यवन, पल्हव यांना त्याने मोडलं, क्षहरातांचा वंश निःशेष केला. निःशेष! आईच्या बोलण्यात थोडी अतिशयोक्ती चालायचीच. पण पन्नास पावलांवर त्या निःशेष झालेल्यांच्या जावयाचा लेख जसाच्या तसा आहे. कोणी त्याला छिन्नी लावली नाही. हे मला फार विशेष वाटतं. नातवाला वाटलं की नाही कोण जाणे, तो खाली रस्त्यावरचे ट्रक बघत होता.

खाली उतरून मिसळ खाल्ली. तिच्याबद्दल लिहीत नाही. नाशिककरांना सांगायला नको आणि पुणेकरांना पटायचं नाही.

दहा वाजता भांडी बाजारात आलो. माझं 'ओसू' ते हेच. वरती छप्पर नाही, खाली जागा नाही, मोटारसायकली मधून जाताहेत. पण तांब्यापितळेचा तो वास आला की मला तिशीतला झाल्यासारखं वाटतं. माझ्या संग्रहातली निम्मी नाणी इथली. तांबट लोक मोड विकत घ्यायचे, फुटके हंडे, पातेली, घंगाळी. त्या मोडीत शिवराया निघायच्या. पूर्वी त्या वजनावर जात. सरळ मुशीत. मी शाळा सुटल्यावर सायकलवर यायचो आणि तांब्याच्या भावाने ओंजळभर निवडून घ्यायचो. माझ्यासारखे आणखी दोघं-तिघं होते. आमचं आपसात ठरलेलं, सोमवार एकाचा, गुरुवार दुसऱ्याचा. आता तसं काही राहिलेलं नाही. मोबाईलमुळे प्रत्येक शिवराईचा भाव प्रत्येकाला माहीत, आणि तो बहुधा दुप्पट.

एका ओळखीच्या गाळ्यावर त्यांनी स्टीलचं ताट पुढे केलं. नातू वाकून बघू लागला. पहिल्याच झटक्याला त्याने उचललं ते ईस्ट इंडिया कंपनीचं, एका बाजूला हनुमान, सन 1818. गाळेवाला गप्प. मी पण गप्प. मग त्याला म्हटलं, वजन बघ, कडा बघ, आणि मुख्य म्हणजे अक्षरं बघ, किती झोकात आहेत! कंपनीने असं नाणं कधी पाडलंच नाही. हनुमान, रामपंचायतन, कमळ असले तुकडे देवळांच्या बाहेर आणि जत्रांत ढिगाने विकले जातात. त्यावरचं साल जितकं जुनं, तितकं नाणं नवं समजावं. गाळेवाले हसून म्हणाले, "सर, गिऱ्हाईक मागतं म्हणून ठेवतो." त्यांचंही खरं आहे.

मग खऱ्या शिवराया. एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला दोन ओळींत 'छत्र पति', कडेने ठिपक्यांचं वळं. राज्याभिषेकापासून, म्हणजे 1674 पासून, हिचा जन्म. महाराज गेले, छत्रपती झाले, पेशवे झाले, इंग्रज आले तरी ही चालतच राहिली. वेगवेगळ्या टांकसाळींत, वेगवेगळ्या हातांनी पाडलेली. त्यामुळे 'शिव' कुठे 'सिव' आहे, कुठे 'सीव'. मराठीचा मास्तर म्हणून माझा हात लाल पेन्सिलीकडे जातो. पण संग्राहक म्हणून सांगतो, जितकी चूक मोठी तितकं नाणं प्रिय. अक्षरांच्या मधे दोन आडव्या रेघा असलेली ती दुदांडी. नातवाने स्वतःच्या डोळ्यांनी एक दुदांडी शोधून काढली आणि मी तिचे मागतील तेवढे पैसे मुकाट्याने दिले. घासाघीस करायची नाही असा वर्षातला माझा तेवढा एक प्रसंग.

सराफ बाजारात एका पेढीवर गुलशनाबादचा रुपया बघायला मिळाला. घेण्याची ऐपत नव्हती, बघायला काय जातं? मोगलांनी नाशिकचं नाव गुलशनाबाद ठेवलं होतं. पेशवाईत इथे टांकसाळ चालली, तिच्या रुपयावर नाव गुलशनाबादच, फारशीत दिल्लीच्या शाह आलमचं नाव, आणि कोपऱ्यात जरीपटक्याची छोटी खूण. राज्य कोणाचं हे त्या खुणेवरून ओळखायचं. "मग स्वतःचं नाव का नाही घातलं?" नातवाचा प्रश्न. कारण बाजारात लोक ज्या नाण्याला ओळखतात ते चालतं, बाबा. सावकाराला राजाशी घेणं नसतं, चांदीशी असतं. चांदवडला होळकरांची टांकसाळ होती, तिथेही तोच प्रकार.

तर दुदांडी खिशात घालून आम्ही गोदाघाटावर आलो, दुतोंड्या मारुतीजवळ बसलो आणि तिथे तो आनंदाने म्हणाला, "ही मी नागोयाला नेणार. टेबलावर तुमच्या त्या चौकोनी भोकवाल्याच्या शेजारी ठेवणार."

आता आली का पंचाईत! 1972 च्या पुरावशेषांच्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनं नाणं खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. घरात ठेवा, विका, मित्राला द्या, पण विमानात बसवू नका. मी त्याला ते सांगितलं. तो म्हणाला, "पण तुम्ही जपानमधून आणलं ना?" त्यांचा कायदा त्यांच्यापाशी, म्हटलं, आपला आपल्यापाशी. त्याचं तोंड उतरलं. सोळा वर्षांचा असला तरी पोरच ते. मग मला सुचलं. पुन्हा भांडी बाजारात गेलो आणि दुसऱ्या ताटातून त्याला दहा-वीस रुपयांत भोकाचा पैसा घेऊन दिला. 1943 ते 1947 या काळातला, मधे वाटोळं मोठं भोक. लढाईत तांबं वाचवायला सरकारने नाण्याच्या पोटातलं काढून घेतलं. आमच्या गावचा सुतार हे पैसे वायसर म्हणून वापरायचा. 1957 च्या एप्रिलात नवे पैसे आले तेव्हा मी सात वर्षांचा होतो, माझ्या करदोट्यात एक भोकाचा पैसा ओवलेला होता. याला शंभर वर्षं व्हायला अजून अवकाश आहे, हा जाईल जपानला. नातवाने खिशातून पाच येनचं नाणं काढलं. त्यालाही मधे वाटोळं भोक! दोन्ही एकावर एक ठेवून त्यातून त्याने माझ्याकडे बघितलं.

संध्याकाळी परत नाशिकरोडला येताना प्रेसच्या भिंतीजवळून आलो. नाशिकरोडला नुसतं 'प्रेस' म्हटलं की पुरे. सेक्युरिटी प्रेस 1925 ची. त्याआधी आपली टपाल तिकिटं लंडनला छापून यायची, 1926 पासून ती नाशिकला छापू लागली. शेजारची नोट प्रेस 1928 ची, तिथली पहिली नोट पाच रुपयांची. स्वतंत्र भारताचं पहिलं तिकीट, 21 नोव्हेंबर 1947 चं, साडेतीन आण्यांचं, तिरंग्याचं आणि 'जय हिंद'चं, तेही इथलंच. पण 1948 सालची गांधीजींची तिकिटं मात्र स्वित्झर्लंडला छापावी लागली. त्या पद्धतीची छपाई इथे सुरू होऊन कबीर, तुलसीदास, मीरा यांची तिकिटं निघाली ती 1952 मध्ये.

या भिंतीआडची एक गोष्ट मात्र फार कोणाला माहीत नसते. फाळणी झाली तेव्हा पाकिस्तानकडे ना स्वतःची तिकिटं होती ना नोटा. मग आपल्याच, सहाव्या जॉर्जचं चित्र असलेल्या तिकिटांवर 'पाकिस्तान' असं वरून छापून ती 1 ऑक्टोबर 1947 पासून तिकडे सुरू झाली. 1948 च्या एप्रिलपासून तशाच नोटा: एक, दोन, पाच, दहा आणि शंभर रुपयांच्या. वरती इंग्रजीत पाकिस्तान सरकार, खाली उर्दूत 'हुकूमत-ए-पाकिस्तान', बाकी सगळं जुनंच. आणि ते छापलं कुठे? इथे, नाशकात. सीमेवर काय चाललं होतं हे सगळ्यांना माहीत आहे. त्याच महिन्यांत नाशिकरोडचे कामगार सकाळच्या पाळीला येऊन दुसऱ्या देशाचं नाव आपल्या नोटांवर उमटवत होते.

नातू चालता चालता थांबला. "म्हणजे सकाळच्या भैरवासारखं?" म्हटलं, शाबास. आता घरी चल, तुला त्याहून जुनं दाखवतो.

आता मुख्य गोष्ट.

1906 साली सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभीला, गोदावरी आणि दारणेच्या संगमाजवळ, चांदीच्या नाण्यांचा एक साठा सापडला. थोडीथोडकी नव्हेत, सव्वातेरा हजारांच्या वर नाणी. सगळी नहपानाची. एका बाजूला त्याचा चेहरा आणि कडेने ग्रीक अक्षरं, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, ब्राह्मी आणि खरोष्ठीत त्याचं नाव. म्हणजे दोन ग्रॅमच्या आसपासच्या चांदीवर तीन लिप्या. त्यांतल्या दोन-तृतीयांशांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राने आपली मुद्रा पुन्हा ठोकली होती: तीन कमानींचा डोंगर, खाली नागमोडी रेघ, मागे उज्जैनीचं चिन्ह. गोळा करून वितळवायची आणि नव्याने पाडायची एवढी उस्तवार न करता त्याच नाण्यांवर हातोडा. ठोकणाराने कुठे ठोकतो आहोत हे बघितलेलं दिसत नाही, कारण कितीतरी नाण्यांवर डोंगराच्या आडून नहपानाचं नाक डोकावतं. भिंतीवर 'निःशेष', आणि नाण्यावर नाक शिल्लक! रेव्हरंड स्कॉट यांनी तो साठा तपासून रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या अंकात त्यावर लिहिलं. नहपानाला गौतमीपुत्राने हरवलं, याला भिंतीवरच्या शब्दांखेरीज हातात धरता येईल असा पुरावा मिळाला तो त्या साठ्यामुळे. साठा वितळण्याआधी अभ्यासकांच्या हाती लागला म्हणून.

माझ्या डब्यात असं एक नाणं आहे. ते भांडी बाजारातलं नाही.

1978 साली मी निफाड तालुक्यातल्या एका शाळेत होतो. आठवीतला एक मुलगा मधल्या सुट्टीत आला आणि मुठीतून एक काळपट चकती माझ्या टेबलावर ठेवली. म्हणाला, विहिरीचं काम चाललंय, तांब्याभर निघाली, सर. तुम्ही परवा शिकवलं ना नाण्यांचं, म्हणून तुमच्यासाठी एक आणलं. दिवस सहामाही परीक्षेच्या पेपरांचे. मी त्याला सांगितलं, रविवारी येतो तुझ्या घरी, वडिलांना सांग कोणाला देऊ नका. त्या दिवशी मंगळवार होता. गाव सायकलवर पाऊण तास. मी त्याच संध्याकाळी जाऊ शकलो असतो. पेपर एक दिवस उशिरा तपासले म्हणून कोणी फासावर दिलं नसतं. रविवारी गेलो तेव्हा वडील म्हणाले, "सराफानं शुक्रवारी वजनावर घेतली, सर. पोरीचं लगीन हाय."

तांब्यात किती होती? कोणी मोजली नाहीत. किती नहपानाची, किती ठोकलेली, आणखी कोणाची होती का, काहीच सांगता येत नाही. मला तर माझ्या हातात काय आहे हेही तेव्हा कळलं नव्हतं. पुढे म. म. मिराशींचं सातवाहनांवरचं पुस्तक वाचलं, त्यातल्या वर्णनाशी ताडून पाहिलं आणि कळलं. त्या रात्री झोप लागली नाही.

आणि मग मी काय केलं? काही नाही. 1878 चा निखात निधीचा कायदा आहे. जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवायचं. त्यात अशीही तरतूद आहे की सरकारने ते घेतलं तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा द्यायचा. म्हणजे त्या शेतकऱ्याला सराफापेक्षा जास्तच मिळालं असतं! हे मी नंतर वाचलं. पण इतिहासाचा मास्तर म्हणून आधी माहीत असायला हवं होतं. कळल्यावरही मी गप्प राहिलो. त्या माणसाला पोलिसाचा त्रास होईल ही एक भीती. दुसरी, खरी, ही की माझं नाणं जाईल. सत्तेचाळीस वर्षं ते डब्यात आहे. गणपतीला, दिवाळीला आलेल्या पाहुण्यांना मी हौसेने दाखवलं आहे. कुठून आलं विचारलं तर 'एका विद्यार्थ्यानं दिलं' इतकंच सांगत आलो. नातेवाईकांपैकी जे हे वाचतील त्यांना आता पुढचं कळेल.

नातवाला सगळं सांगितलं. तो ते नाणं दिव्याखाली फिरवत होता. डोंगर, रेघ, आणि वरती नाक. बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "शिवराई मी नेऊ शकत नाही कारण कायदा आहे. मग हे तुम्ही कसं ठेवलं?"

बोलण्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं. माझ्यापाशी उत्तर नव्हतं. आमच्या सौभाग्यवती स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "बरं झालं, कोणीतरी विचारलं."

तो जानेवारीत परत गेला, भोकाचा पैसा घेऊन. दुदांडी माझ्या कपाटात त्याच्या नावाच्या पाकिटात आहे. मला पुढे सव्वा महिना लागला त्या विद्यार्थ्याचा फोन नंबर मिळवायला आणि मग आठ दिवस तो फिरवायला. आता तो साठीचा आहे, द्राक्षबाग मुलं बघतात. आवाज ऐकून मला आठवीतला तो मुलगा काही केल्या डोळ्यांसमोर आणता येईना. मी नाण्याचं सांगितलं. पलीकडे जरा वेळ शांतता. मग हसला. "सर, अजून आहे तुमच्याकडं? मला वाटलं तुम्ही कवाच मुंबईला म्युझियमात दिलं असंल. मी तर पोरास्नी तसंच सांगत आलो."

मी म्हटलं, नाही दिलं. द्यायचं आहे. कलेक्टर कचेरीत अर्ज करावा लागेल, कुठे, केव्हा, कसं सापडलं ते लिहून. विहिरीची जागा तुला दाखवावी लागेल. तुला काही अडचण? वडील जाऊन वीस वर्षं झाली म्हणाला, विहीर बुजली, पण जागा माहीत आहे. येतो. पुढच्या गुरुवारी यायचं ठरलं आहे.

मग मी, विचारू की नको करत, विचारलं की त्या सराफाकडच्या पैशांचं तेव्हा काय केलं.

"पैसे कुठं दिले, सर? चांदीला चांदी. त्यानं मोडून ताईला तोडे करून दिले. मजुरी तेवढी घेतली. लग्नात घातले तिनं. अजून हायेत तिच्याकडं, दुष्काळातबी मोडले नाहीत."

ताई दिंडोरीला दिलेली. गुरुवारी येताना तिला आणि ते तोडे घेऊन ये, असं मी त्याला सांगितलं आहे. अर्जात लिहायला नव्हे, नुसते बघायला.